उपवास चाळीस दिवस आणि सण मात्र एकच दिवस?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय सेहेचाळीस. सासर-माहेर दोन्हीकडे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती घरं, यजमान चर्चच्या पंच कमिटीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. ते दर सोमवारी संध्याकाळी टाळ घेऊन घरीच भजनं म्हणायला बसत. ती टाळजोडी आता कपाटात आहे. ताई लिहितात, "रविवारी गीतं ओठांनी म्हणते. उपदेश चालू असतो आणि माझ्या डोक्यात मटणाला किती शिट्ट्या लागतील याचा हिशोब चालतो." पुण्यात शिकणारा मुलगा तिथल्या एका नव्या फेलोशिपमध्ये जातो. तिथे ड्रम, कीबोर्ड, टाळ्या. "मम्मी, आपल्या चर्चमध्ये जीवच नाही," असं तो म्हणतो. प्रार्थना गटातल्या एका भगिनीने तर सुनावलंच की 'सर्वदा आनंद करा' ही आज्ञा आहे, आनंद वाटत नसेल तर विश्वास कमी आहे. ताई विचारतात : खरंच माझा विश्वास कमी पडतोय का? चर्च बदलू का? आणि आनंद आणायचा तरी कुठून?

ताई, जय ख्रिस्त.

आधी त्या भगिनींचं बोलणं बाजूला करू, कारण तेच तुम्हाला जास्त टोचलेलं दिसतं. 'सर्वदा आनंद करा' हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातलं वाक्य, चौथ्या अध्यायातलं. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलं. आता त्याच पत्राचा दुसरा अध्याय काढा. पौलाचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता. तो वाचला म्हणून मला दुःखावर दुःख झालं नाही, असं तिथे पौलच सांगतो. तिसऱ्या अध्यायात तो काही लोकांबद्दल रडत रडत लिहितो. म्हणजे आनंदाची आज्ञा देणारा माणूस त्याच चार अध्यायांत दुःखीही आहे आणि रडतोही आहे. त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही. मग तुमच्याच बाबतीत हा निकाल कुठून लागला?

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे आणि ते जवळजवळ सगळ्यांच्याच मनात असतं : आनंद आधी आत वाटायला हवा, मग तो उपासनेत बाहेर येईल. बायबलमध्ये क्रम बहुतेक वेळा उलटा सापडतो. नहेम्याचा आठवा अध्याय बघा. नियमशास्त्र वाचलेलं ऐकून लोक रडत होते. त्यांना कुणी 'आतून आनंदी व्हा' म्हणालं नाही. सांगितलं ते असं : जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलं नाही त्यांना वाटे पाठवा. 'परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ' हे आपण भिंतीवर टांगतो ते वाक्य याच सूचनेच्या शेपटाला आहे. भिंतीवर नेमका वाट्यांचा भाग येत नाही. पुढे त्याच लोकांनी डोंगरावरून जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या डहाळ्या आणून मांडव घातले, सात दिवस सण पाळला, आणि तिथेच लिहिलं आहे की फार मोठा आनंद झाला.

म्हणजे आनंद ही पाळायची गोष्ट आहे, जसा आपण उपवास पाळतो. वाटतं की नाही हा प्रश्न नंतरचा. भस्माच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कुणी 'आज मला उपवासासारखं वाटत नाही' म्हणून उपवास सोडत नाही. आनंदाला मात्र आपण मूडवर सोडून देतो.

पण त्याआधी दोन गोष्टी.

पहिली. चर्चमध्येच मन लागत नाही, की जेवणात, कामात, माणसांत, झोपेत, कशातच लागत नाही? दुसरं असेल आणि रोज, दोन आठवड्यांहून जास्त काळ तसंच चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही. कुणी लावून देत असेल तर त्याचं ऐकू नका.

दुसरी. तुमचे वडील गेलेत. दोन वर्षं हा काळ तुम्हाला मोठा वाटत असेल, पण त्या घरात सोमवार दर आठवड्याला येतो. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. आपल्या रविवारच्या गीतांत विलाप किती असतो ते मोजा, बहुधा एका हाताची बोटं पुरतील. रडायला जागाच नसलेल्या उपासनेत हसूही खोटंच येतं.

तेव्हा सुरुवात विलापाने करा. तेरावं स्तोत्र घ्या, अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा आला आहे. तोच साचा धरून वहीत लिहा. देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं, मग भरवशाचं एखादं वाक्य. तक्रार नेमकी हवी. 'माझं दुःख' असं मोघम लिहू नका. 'सोमवारी सातला घर गप्प असतं' असं लिहा. इथे हमखास एक चूक होते : तक्रारीच्या दुसऱ्याच ओळीला आपण 'पण देव चांगला आहे' म्हणून मोकळे होतो, शिकवणच तशी असते. घाई करू नका. भरवशाचं वाक्य त्या दिवशी आलं नाही तर जागा कोरी सोडा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे आणि कुणी ते काढून टाकलेलं नाही.

आता रविवार. मटणाच्या शिट्ट्यांबद्दल तुम्ही अपराधी वाटून घेतलंत. मला तर ते पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटलं. आपल्या घरांतून रविवारची मेजवानी म्हणजे एका बाईची दुहेरी ड्युटी. साडेसहाला उठून वाटण, नऊला चर्च, अकराला परत, पुन्हा चूल, दीडला पंगत, तीनला भांडी. या वेळापत्रकात कुणाचंही मन उपदेशात लागणार नाही, पाळकसाहेबांचंसुद्धा. सणाचा आनंद एकीच्या घामावर उभा असेल तर तो बाकीच्यांचा सण, तिची हजेरी.

उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. मटण शनिवारी संध्याकाळी पूर्ण शिजवा. कांदा-खोबऱ्याचं वाटण यजमानांनी भाजून वाटायचं. पंच कमिटीला हात असतात. रस्सा वाफ गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी मुरून तो जास्तच चांगला लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. रविवारी फक्त रटरटून गरम करायचं आणि कुकरला भात लावायचा. भाकऱ्या हव्यातच असा ज्याचा हट्ट असेल त्याने परात घ्यावी. आणि शिजवताना दोन माणसांचं जास्त शिजवा. तो नहेम्याचा वाटा. वसतिगृहातला विद्यार्थी, एकटी राहणारी म्हातारी, रात्रपाळी करून आलेली नर्स, ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही असं कुणीही. ते ख्रिस्तीच असावेत अशी अट वचनात नाही.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातही असंच एक वचन आहे. देवासाठीचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) घेऊन जायला वाट लांबची असेल तर त्याचे पैसे करा, तिथे पोचल्यावर जे खावंसं वाटेल ते विकत घ्या आणि घरच्यांसह देवासमोर जेवून आनंद करा. लगेच पुढे आहे की दर तिसऱ्या वर्षी तोच दशांश लेवी (मंदिराची सेवा करणारा), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. दशांशावरचे उपदेश पुष्कळ ऐकायला मिळतात, हे वचन मात्र दानपेटीजवळ कुणी वाचत नाही.

आता वर्षाचा हिशोब. भस्माच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार का वजा? कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्यावर उपवास बसत नाही. आणि ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पुरते पन्नास दिवस हा आनंदाचा काळ, म्हणजे उपवासापेक्षा दहा दिवस मोठा. जुन्या मंडळीने हे इतकं मनावर घेतलं होतं की 325 साली निकाया इथल्या धर्मसभेने विसाव्या नियमात लिहून ठेवलं : रविवारी आणि पेन्टेकॉस्टच्या दिवसांत गुडघे टेकायचे नाहीत, प्रार्थना उभ्यानेच करायची. शोक करणारा वाकतो, उठलेला उभा राहतो, इतकी साधी गोष्ट.

आपल्याकडे काय होतं? चाळीस दिवस कुणी मटण सोडतं, कुणी चहा, उत्तम शुक्रवारी तीन तास चर्च खचाखच. ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या, अंडी, केक. सोमवारी सगळं आवरलेलं. पन्नासातला एकच दिवस पाळला गेला, एकोणपन्नास वाया.

2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे आणि पेन्टेकॉस्ट 16 मेला. दोन्ही टोकं धरून आठ रविवार येतात. सुट्टीचे दिवस, शिवाय आंब्याचे. उपवासकाळात जसं एक काही सोडता तसं या पन्नास दिवसांत एक काही धरा, आणि ते लहान असू द्या. रोज रात्री जेवणाआधी सगळ्यांनी उभं राहून एक कडवं. किंवा दर रविवारी एका घरी आंबे घेऊन जाणं. किंवा आठ रविवार मिळून ज्यांच्याशी बोलणं तुटलं आहे अशा दोघांना फोन. तीनही करायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात थकाल आणि चौथ्यात विसराल. एकच घ्या.

नाताळचंही तेच. पंचवीस डिसेंबरला सण सुरू होतो आणि पाच जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो, सहा तारखेला प्रकटीकरणाचा सण. आपण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत करंज्या तळत बसतो आणि सव्वीसला चांदणी उतरवतो. फराळाची ताटं सव्वीसपासून रोज दोन घरी पाठवली तर तळणही विभागेल आणि शेजाऱ्यांकडे निवांत बसायलाही मिळेल.

प्रभुभोजनाविषयी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीविषयी, तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, पण 'त्या रविवारी तर भीतीच वाटते' असं एक वाक्य मधेच आलं आहे. 'अयोग्य प्रकारे' खाण्याचा इशारा करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे, अकराव्या अध्यायात. त्याच्या वरची वचनं वाचा. तिथे काय घडत होतं? ऐपतवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि गरीब भाऊ उपाशी राहत. पौलाचा संताप त्यावर आहे, आणि शेवटी त्याने दिलेला उपाय आहे : एकमेकांसाठी थांबा. आत्मपरीक्षण हवंच, पण ते 'मला पुरेसा आनंद होतो का' याचं नव्हे, 'माझ्या बाजूला कोण उपाशी आहे' याचं. या भोजनाला जगभर ज्या ग्रीक नावाने ओळखतात, युखारिस्तिया, त्याचा अर्थ उपकारस्तुती. आपण मात्र अंत्ययात्रेच्या चेहऱ्याने रांगेत उभे राहतो.

मुलाच्या तक्रारीत तथ्य आहे, पण निदान चुकलं आहे. चर्चमध्ये जीव नाही असं वाटतं, त्याचं अर्धं कारण बसण्याच्या जागेत आणि पेटीच्या पट्टीत असतं. तुमच्याच वर्णनाप्रमाणे दोनशे माणसांच्या चर्चमध्ये साठ माणसं, आणि तीही मागच्या बाकांवर विखुरलेली. वर पंखे, मान खाली, पुस्तक मांडीवर. अशा स्थितीत कुणालाही फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि स्वतःचाच ऐकू आला की माणूस तो बारीक करतो. फेलोशिपमध्ये लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात, शब्द समोर पडद्यावर म्हणून मान वर, गाणी एकाला जोडून एक वीस-पंचवीस मिनिटं. जीव येतो तो बराचसा त्यातून, ड्रममधून थोडाच. यातलं बहुतेक तुमच्या चर्चमध्ये फुकट होण्यासारखं आहे : पुढच्या सहा बाकांवर बसणं, पुस्तक छातीच्या उंचीवर धरणं, गीताला उभं राहणं.

पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला 'सा' धरायचा याचं, थोडं सविस्तर सांगतो, कारण पेटीवाले यावर फारसा विचार करत नाहीत. बहुतेक जण सवयीने काळी एक धरतात. गीत तार (वरच्या) सप्तकातल्या शुद्ध गंधारापर्यंत, म्हणजे 'ग'पर्यंत, जात असेल तर त्या पट्टीत तो गंधार पांढरी चारवर पडतो. गाणाऱ्याला तो लागतो, मंडळीला लागत नाही. बायका तिथे गप्प होतात, पुरुष खालच्या सप्तकात उतरतात, आणि गीताचा सगळ्यात भरघोस भाग पेटी एकटी वाजवते. तेच गीत काळी पाचचा षड्ज ('सा') धरून खाली घ्या, गंधार पांढरी दोनवर येतो आणि जवळपास सगळ्यांना झेपतो. एक अडचण आहे : गीत खाली मंद्र पंचमापर्यंतही, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंतही, जात असेल तर काळी पाचमध्ये तो भाग पुटपुटण्यासारखा होईल. तसं गीत मूळ पट्टीतच ठेवा, वरची ओळ गायनवृंदाने म्हणावी आणि धृपद सगळ्यांनी. लयही बघा. एका श्वासात ओळ पुरी होत नसेल तर लय संथ नाही, ती मेलेली आहे. नवं गीत महिन्याला एकच, आणि ते सलग तीन-चार रविवार. दर आठवड्याला नवं आणलं की मंडळी श्रोते बनतात.

ड्रम म्हणजे तरुण आणि पेटी म्हणजे म्हातारं, असंही नाही. या मातीत ख्रिस्ती आनंद टाळ-ओवीवर चढला त्याला चारशे वर्षं झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, तेही ओवीत. तुमच्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला राहून भजनांचा, अभंगांचा जो साठा करून ठेवला त्यावर मराठी मंडळी अजून जगते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. तुमचे वडील सोमवारी जे करत होते ते याच रांगेतलं होतं. चर्चच्या बाहेरची ती घरगुती हौस नव्हती.

म्हणून सोमवार परत सुरू करा, पण आटोपशीर. पाऊण तास, पाच भजनं, एक स्तोत्र, एक लहान प्रार्थना. पहिलं भजन सगळ्यांना तोंडपाठ असलेलं, तिसरं विलापाचं, शेवटचं पळत्या लयीचं. सांगणाऱ्याने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, म्हणजे पुस्तक लागत नाही आणि मुलंही येतात. टाळ एकच जोडी. दहा बाय बाराच्या खोलीत दोन जोड्या वाजल्या की शब्द बुडतात. चहा आणि एकच खाणं, शक्यतो विकतचं. असे मेळावे दोन कारणांनी मोडतात : कुणीतरी उपदेश सुरू करतो, किंवा प्रत्येक घर आधीच्या घरापेक्षा एक पदार्थ वाढवतं. दोन्ही नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका. सुरुवातीला डोळ्यांत पाणी येईल, ती टाळजोडी हातात घेतल्यावर तर येईलच. तेव्हा भजन थांबवू नका, दुसऱ्या कुणीतरी ओळ उचलावी. चारचौघांत म्हणण्याचा फायदाच तो.

रोजच्या प्रार्थनेत एकच बदल सुचवतो. रात्री मागण्यांची यादी सुरू करण्याआधी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगा, जिला जागा आणि वेळ आहे. 'सर्व आशीर्वादांसाठी धन्यवाद' चालणार नाही. 'दुपारी बस चुकली तेव्हा शेजारच्या काकांनी गाडीवर सोडलं' असं हवं. सापडली नाही तर सापडली नाही म्हणा, ओढूनताणून आणू नका.

राहिला चर्च बदलण्याचा प्रश्न. मुलाला भेटायला पुण्याला जाल तेव्हा एकदा त्याच्याबरोबर जाऊन या, मनापासून गा. आवाज मोठा म्हणून नाक मुरडू नका. स्तोत्र दीडशे काढलंत तर तिथे झणझणणाऱ्या झांजाही आहेत. पण दोन खुणा बघून ठेवा. दुःखात असलेल्या माणसाला तिथे काय सांगतात? आणि आनंद, भरभराट व दान यांची गाठ एकाच वाक्यात मारतात का? रडणाऱ्याला 'विश्वास वाढव' सांगून पाठवत असतील तर तिथली टाळी कितीही जोरात असो, तुमच्यासाठी ती जागा नाही, आणि मुलाशीही यावर शांतपणे बोलावं लागेल. तसं नसेल तर त्याला तिथे सुखाने जाऊ द्या, सुट्टीत आला की सोमवारच्या भजनाला ढोलकीवर बसवा. तुम्ही स्वतः मात्र वर्षभर तरी आहात तिथेच राहा. दुःखात असताना घर, नोकरी आणि चर्च लगेच बदलू नये, असं जुनी माणसं सांगतात ते उगीच नव्हे. इतक्या वर्षांची ओळखीची माणसं बाजूच्या बाकावर असणं ही लहान गोष्ट नाही.

पाळकसाहेबांकडे जाल तेव्हा 'उपासना कंटाळवाणी होते' असं म्हणू नका, कुणालाही ते लागतं. दोनच मागण्या न्या : पन्नास दिवसांत मंडळीने गीतांना उभं राहावं आणि पुढे बसावं, आणि महिन्यातून एकदा विलापाचं एक स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचावं. यजमानांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कमिटीत ते चकित होणार नाहीत.

आणि तो रविवारचा डबा कुणाकडे जायचा ते शनिवारी रस्सा उतरवतानाच ठरवा. रविवारी दुपारी ठरवायला बसलात तर तो घरातच संपतो.